पाण्याला मावशीचं माप

नदीत आधी मावशी उतरायची, मग गाडी. चाळीस वर्षं हाच नेम, आणि चाळीस वर्षांत तिच्या घरची गाडी पाण्यात एकदाही बंद पडली नव्हती. इतरांच्या पडल्या. एका शहाण्याची तर तिसऱ्या दिवशी खालच्या वळणावर झाडात अडकलेली सापडली, आरशावर बगळा आरामात बसलेला. हा किस्सा मावशीला फार आवडायचा. "बगळ्याने निदान खोली बघून पाय टाकला होता," असं म्हणून ती तो संपवायची.

घर आणि गॅरेज एकच होतं. डांबरी रस्ता जिथे संपतो आणि नदीचा उतार जिथे सुरू होतो, तिथे पत्र्याची शेड, शेडमध्ये गाडीखाली जायचा खड्डा आणि मागे दोन खोल्या. ग्रीसचा वास खोल्यांतही, अगदी उशीलासुद्धा. नवरा गेल्यावर गॅरेज लेकाकडे आलं. लेक मिस्त्री एक नंबरचा. इंजिनाचा खोकला ऐकून दुखणं सांगायचा. पण पाण्याला भ्यायचा. "एवढा मोठा घोडा, आंघोळीलाही तांब्याने मोजून पाणी घेतो," मावशी चारचौघांत सांगायची, आणि तो मान खाली घालून कुठलातरी पाना शोधायला आत जायचा.

म्हणून गाडी चालवायची सून. लग्न होऊन आली तीच ट्रॅक्टर चालवायला शिकून. अकरा वर्षांत मावशीने तिला 'बरं चालवलंस' असं काही म्हटलं नव्हतं. एकदा 'आदळली नाहीस' म्हणाली होती, आणि सुनेने तेवढ्यावर एक वर्ष काढलं होतं.

गाडीचं नाव म्हैस. चौकोनी, उंच, चारही चाकांनी ओढणारी, आणि पाणी दिसलं की खूश होणारी. इंजिनाला पाण्यावरून श्वास घेता यावा म्हणून काचेच्या बाजूने टपापर्यंत एक नळी चढवलेली. तिला सगळे सोंड म्हणायचे. "म्हशीला सोंड असते होय?" असं एक गिऱ्हाईक हसून म्हणालं, तेव्हा मावशीने ऐकवलं होतं, "तुझ्या गाडीला नाही, म्हणून ती आमच्या दारात उलटी टांगलीय."

आणि पाण्याचं माप होती मावशी स्वतः. नवऱ्याने गाडी आणली त्या दिवशी तिला बॉनेटला खेटून उभं केलं होतं. बॉनेटची कड आली तिच्या काखेखाली चार बोटं. "झालं," तो म्हणाला, "तुझ्या इथपर्यंत पाणी असलं तर म्हैस जाते. काखेला लागलं तर जात नाही." लोक पाण्यात खांब रोवतात, त्यावर आकडे रंगवतात. खांब पुरात वाहून जातो. मावशीला वाहून नेणारा पूर अजून यायचा होता.

चालायचं कसं, हेही ठरलेलं. जाताना डाव्या चाकाच्या वाटेने, येताना उजव्या चाकाच्या. मधून चालून उपयोग नाही, कारण मधून चाक जातच नाही. आणि शेवटची गोष्ट, ज्याने 'जा' म्हटलं त्याने पुढच्या सीटवर बसायचं. मग 'जा' म्हणताना जीभ सैल सुटत नाही.

वळसा घालून जायचा लांबचा पूलही गेल्या वर्षीच्या पुरात गेला होता, आणि पलीकडच्या तीन गावांना आता सहा दिवस वीज नव्हती. सातव्या दिवशी सकाळी वीज खात्याचे साहेब तीन वायरमन घेऊन गॅरेजच्या दारात आले. बरोबर ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची दोन पिंपं, तारेची भेंडोळी आणि हत्यारांच्या पेट्या.

"मावशी, आज जाईल का गाडी?"

"मी ज्योतिषी आहे का साहेब? मला आधी ओलं होऊ द्या."

साहेब घुटमळले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याच्या डोक्यावर आणखी साहेब होते. "एक सांगतो, राग मानू नका. वर एक पत्र तयार आहे. मोठ्या ट्रकवाल्या कंपनीचं. आज हे सामान पलीकडे पोचलं, तर या उतारावरून सामान नेण्याचं काम तुमच्याकडेच राहील. नाही पोचलं तर मला फोन करावा लागेल."

"करा की," मावशी म्हणाली. "फोन तुमचा, बोट तुमचं." आणि काठी घेऊन पाण्याकडे निघाली. चाल अशी, जणू नदी तिच्या माहेरची होती.

पाणी गढूळ होतं, गार होतं, पण माजलेलं नव्हतं. तळ पायाखाली ओळखीचा लागला. आधी वाळू, मग गोटे, मग मोठा दगड, आणि दगडाच्या पुढे डावीकडे एक नवा खड्डा. काठीने तिने त्याची कड चाचपली. कमरेपर्यंत काही वाटलं नाही. मग पोट, मग बरगड्या, आणि अगदी मध्यावर पाणी काखेला लागलं. ती थांबली. पाण्याचा जोर अंगावर असा बसला की क्षणभर छातीत श्वासच मावेना. पुढे उतार चढत जातो हे तिला ठाऊक होतं, तरी ती पलीकडे टेकून आली. येताना मात्र उजवी वाट धरली नाही. मधून, सरळ, जवळच्या रस्त्याने आली. तसंही काखेला लागलंच होतं, मग खड्डे मोजून काय करायचं, असं तिने स्वतःला सांगितलं. दम लागला होता हे सांगितलं नाही.

काठावर येऊन तिने कपाळावरचं पाणी पुसलं. "नाही. काखेला लागलं. आज गाडी जाणार नाही."

तिला 'हो'चा जेवढा अभिमान, तेवढाच 'नाही'चा. त्या 'नाही'मुळेच तर म्हैस कधी झाडात सापडली नव्हती. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि खिशातून फोन काढला.

मावशी गाडीजवळ गेली. आरसा धरून उभी राहिली आणि बाह्या पिळू लागली. हात पुसत उभ्या असलेल्या लेकाची नजर तिच्यावर गेली, तिथून बॉनेटवर गेली आणि तो एकदम दुसरीकडे बघायला लागला. सूनही बघत होती. तिने नजर हलवली नाही.

"काय बघतेस? ओलं माणूस कधी पाहिलं नाहीस?"

"ओल कुठवर आलीय ते बघतेय, आई."

मावशीने खाली पाहिलं. अंगावरचे कपडे काखेपर्यंत ओले होते, रेघ मारल्यासारखे. शेजारी बॉनेटची कड होती. कड त्या रेघेच्या वर होती. चांगली दोन बोटं वर.

"हिला उंच केलीस का रे?"

"नाही आई," लेक म्हणाला.

"टायर मोठे घातलेस?"

"तेच मापाचे आहेत."

"मग स्प्रिंगा?"

"स्प्रिंगा उलट बसल्यात थोड्या."

"मग काय मी धुऊन आटले?"

एक वायरमन फिस्सकन हसला आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं. लेक पुसलेले हात पुन्हा पुसायला लागला. सुनेची नजर अजून त्या रेघेवरच होती, आणि तिथेच मावशीला उत्तर मिळालं.

पाय होते तेवढेच होते. कमरेपर्यंतचं पाणी कमरेपर्यंतच लागायचं, म्हणून इतकी वर्षं पत्ता लागला नाही. आटली होती ती पाठ. एवढ्या खोल पाण्यात ती गेल्या तीन-चार वर्षांत उतरलीच नव्हती. आणि एकदम तिला स्वयंपाकघरातली फळी आठवली. डबे वर सरकवून ठेवतेस म्हणून तिने सुनेशी महिनाभर भांडण मांडलं होतं. सुनेने एका शब्दाने उत्तर न देता सगळे डबे एक फळी खाली आणले होते. म्हणजे हिला तेव्हाच कळलं होतं.

साहेब फोनवर नंबर शोधत होते. मावशीने तोंड मिटून घेतलं असतं तर पुढचं सगळं सोपं होतं. 'नाही' म्हणजे नाही. चाळीस वर्षांचं नाव तसंच राहिलं असतं, आणि माप चुकल्याचं घरातल्या तिघांखेरीज कुणाला कळलं नसतं. उतार मात्र ट्रकवाल्यांकडे गेला असता. नवऱ्याने शोधलेला, तिने चाळीस वर्षं पायांनी मोजलेला उतार, आणि तोही नदीने हिसकावला नसता, तिच्याच जिभेने दिला असता.

"साहेब, फोन ठेवा खिशात."

"काय झालं मावशी?"

"पाणी वाढलेलं नाही. मी कमी झालेय." तिने हे अशा आवाजात सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटावं, आटणंसुद्धा कुणाला हिच्यासारखं जमायचं नाही. "माप चुकलं, नदी नाही."

"म्हणजे जाईल गाडी?"

"म्हणजे मला माहीत नाही. खोट्या मापाने 'नाही' म्हणता येत नाही, तसं 'हो'ही म्हणता येत नाही. दुसऱ्या माणसाने चालून बघावं लागेल."

तिने लेकाकडे पाहिलं. लेकाने पाण्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा तेलाच्या फडक्यासारखा झाला. तोवर सुनेने चपला काढल्याही होत्या.

"काठी घे."

"नको आई. पायाला कळतं."

"पायाला कळतं! अकरा वर्षांत मी तुला या पाण्यात पाऊल टाकू दिलं नाही, आणि पायाला कळतं!"

"तुम्ही बहिणीकडे राहायला जाता ना, तेव्हा चालते मी," सून म्हणाली आणि पाण्यात उतरली.

मावशीने लेकाकडे वळून पाहिलं. तो शेडमध्ये पाना शोधायला निघून गेला होता.

सून सावकाश चालत होती. मावशी काठावरून तिचं एकेक पाऊल मोजत होती आणि चूक शोधत होती. जाताना डाव्या चाकाची वाट. दगडापाशी थांबली, पायाने चाचपलं, बाजूने पुढे गेली. पलीकडे टेकली. श्वास घ्यायलासुद्धा थांबली नाही, आणि परत फिरली ती उजव्या चाकाच्या वाटेने. येताना तिकडच्या काठापासून थोडं अलीकडे अचानक एक पाय खाली गेला आणि ती हनुवटीपर्यंत बुडाली. मावशीच्या तोंडून "अगं!" निघून गेलं. सून सावरली, मागे आली, पुन्हा तिथेच पाय टाकला. खड्डा किती रुंद आहे ते बघितलं. मग आली.

ती निथळत सरळ गाडीपाशी गेली. हनुवटीपर्यंत भिजलेल्या कपड्यांवर आता रेघ दिसायची नव्हती. म्हणून तिने मध्यावर असतानाच, जिथवर पाणी लागलं तिथे कपड्याला गाठ मारून ठेवली होती. ती गाठ तिने बॉनेटला लावली.

"दोन बोटं खाली," ती म्हणाली. "जाते."

"खड्डे किती?" मावशीने विचारलं.

"दोन."

मावशीला एकच लागला होता. "एक दगडाच्या पुढे डावीकडे. दुसरा कुठून आणलास?"

"उजव्या चाकाच्या वाटेवर आहे आई. पलीकडून दहा पावलांवर." आणि मग हळू, बॉनेटकडेच बघत ती म्हणाली, "ती वाट बघायची राहिली होती, म्हणून येताना मी तिकडून आले."

मावशी समजली. हिने पाहिलं होतं. सासू मधून आली, अर्धं काम टाकून आली, हे हिने काठावरून पाहिलं होतं. साहेब तीन हातांवर उभे होते. अकरा वर्षांचे टोमणे एका वाक्यात फेडायची संधी होती. मावशी तिच्या जागी असती तर फेडले असते, व्याजासकट. सुनेने वाक्य आवाज न चढवता संपवलं आणि ओले केस मागे बांधायला लागली.

मावशीने काठीने बॉनेट ठोकलं. "मग उभी काय? नवऱ्याला म्हणावं पट्टा काढ."

लेकाने पंख्याचा पट्टा काढला, नाहीतर पंखा पाणी उडवून इंजिन भिजवतो. समोरच्या जाळीवर ताडपत्री ताणून बांधली. सामान चढलं. साहेब म्हणाले, "माणसं नंतरच्या फेरीला नेली तर? तेवढंच वजन कमी."

"हलकी गाडी तरंगते साहेब. तरंगली की चाकं नुसती पाण्यात फिरतात, आणि मग नदी म्हणेल तिकडे जायचं. बसू द्या तिघांना."

"म्हणजे आम्ही वजन का मावशी?" हसणारा वायरमन म्हणाला.

"जन्मात एकदा तरी उपयोगी पड. बस."

सगळं झाल्यावर मावशी सवयीने गेली आणि तिने पुढचं दार उघडलं.

"आई," आतून सून म्हणाली, "'जा' मी म्हटलंय."

"मग?"

"मग पुढे मी बसलेच आहे."

नियम मावशीचाच होता. आजचा 'जा' तिचा नव्हता. तिने दार लावलं, जोरात, आणि मागे सरकली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हैस तिला काठावर ठेवून निघाली. हातांचं काय करावं हे तिला कळेना. शेवटी तिने काठी दोन्ही हातांनी धरली.

गाडी पाण्यात शिरली. घाई नाही, उडवाउडवी नाही. नाकापुढे पाण्याची एक जाड घडी उठली, आणि सून त्या घडीच्या मागे मागे, तिला ना मोडत ना सोडत, एका सुरात निघाली. मावशीने हे कायम आतून पाहिलं होतं, काचेवर येणारं पाणी आणि पायाशी येणारा ओलावा. बाहेरून ते असं दिसतं हे तिला माहीतच नव्हतं. केवढी देखणी दिसत होती ती म्हैस!

लेक शेजारी येऊन उभा राहिला. त्याचे डोळे घट्ट मिटलेले.

"डोळे उघड मेल्या, बायको आहे तिकडे."

"ऐकतोय आई." त्याची मान एका बाजूला कललेली. "क्लच दाबला नाही. पाण्यात दाबायचा नाही, ओढ तुटते. हां. तसंच."

दगड आला. गाडी त्याच्या उजव्या अंगाने गेली. मध्यावर पाणी बॉनेटच्या कडेला लागलं आणि लागूनच राहिलं, वर चढलं नाही. वायरमन तारेच्या भेंडोळ्यावर पाय वर घेऊन बसले होते. आता दुसरा खड्डा. मावशी बघत होती, लेक ऐकत होता, आणि दोघांनी एकदमच श्वास रोखला. म्हशीचं नाक हातभर डावीकडे वळलं. पुढचं चाक खड्ड्याच्या कडेने सुटलं. मागचं कडेवरून घसरलं, गाडी त्या अंगाला कलली, पाणी दारातून आत गेलं. इंजिनाचा आवाज जड झाला.

"रेसवरून पाय उचलू नको," लेक पुटपुटला. "पाय उचलू नको."

तिने उचलला नाही. आवाज जड झाला, पण तुटला नाही. मग म्हशीने अंग उचललं, चारही बाजूंनी पाणी ओतत, आणि ती पलीकडच्या चढाला लागली. लेकाने डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. "गेली," तो म्हणाला, जणू मावशीला दिसलंच नव्हतं.

तिकडे माणसं ओरडत पळत आली. पण सून थांबली नाही. तशीच वाटेवर पुढे जात राहिली, सावकाश, मागचे लाल दिवे पेटलेले.

"ब्रेक दाबून का चालवतायत?" साहेबांनी विचारलं.

"सुकवतेय. ओल्या ब्रेकवर भरवसा ठेवायचा नसतो. माझा नवरा असंच करायचा."

"त्यांनीच शिकवलं वाटतं."

"ही घरात यायच्या आधीच तो गेला." मावशीने काठी वाळूत रोवली आणि साहेबांकडे पूर्ण वळून पाहिलं. "कुणी शिकवलं नाही तिला. मी तर नाहीच नाही. स्वतःच्या अकलेने शिकलीय. नीट बघून घ्या साहेब, ती माझी सून आहे."

साहेबांनी बघून घेतलं. फोन खिशातच राहिला.

दुपारी गाडी परत आली. सामान आणि वायरमन तिकडेच राहिले होते, म्हणून सुनेने मागे दगड भरून आणले होते, रिकामी गाडी तरंगू नये म्हणून. मावशीने ते दगड पाहिले आणि एकेक करून उतरवायला लागली. सून म्हणाली, "आई, राहू द्या, मी उतरवते." मावशी म्हणाली, "तू चहा घे आधी. गार झालीयस." सून दोन क्षण तशीच उभी राहिली, ऐकलं ते खरं की काय असं. मग आत जाऊन चहा घेऊन आली, दोन कप.

साहेब निघण्यापूर्वी मावशीकडे आले. उताराच्या कामाचा कागद तुमच्या नावाने करायला सांगतो, म्हणाले. "आणि उद्या मोठा ट्रान्सफॉर्मर आणू का मावशी? जाईल ना?"

"मला काय विचारता? पाणी कोण चाललं आज?"

साहेब सुनेकडे वळले. ती बॉनेटला टेकून चहा पीत होती. तिने कप खाली केला, नदीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "उद्याचं पाणी उद्या चालून सांगेन."

"अंदाजे तरी?"

"अंदाज नाही हो साहेब."

साहेबांनी पुन्हा मावशीकडे पाहिलं, म्हातारी काहीतरी जास्त देईल या आशेने.

"ऐकलंत ना?" मावशी म्हणाली. तिला इतकं बरं वाटत होतं की ते लपवायला तिने आवाज मुद्दाम खरखरीत केला. "सकाळी आठला या. आणि ती पाण्यात असताना काठावरून बडबड करायची नाही, सांगून ठेवते."